मालतीच्या वर्गातली इंदू

मालती गेल्याचा फोन आला तेव्हा मी शेंगदाणे भाजत होते. फोन तिच्या मुलीचा, वैशालीचा. "मावशी, आई गेली... पहाटे, झोपेतच." मी गॅस बंद केला, खुर्चीवर बसले, आणि मनात पहिला जो विचार आला तो लिहायला लाज वाटते. पण मालतीवर लिहायचं तर खरंच लिहावं लागेल. मनात आलं, हिनं इथंही माझ्या आधी नंबर लावला. पन्नास वर्षांपासूनची मैत्रीण गेली होती, आणि मला तिच्या झोपेतल्या शांत मरणाचा हेवा वाटत होता. मग रडू आलं ते आलंच. नगरला गाडी बदलून संगमनेरला जाणाऱ्या एसटीत मी तोंडावर पदर घेऊन बसले होते, आणि शेजारची बाई आपली पाण्याची बाटली पुन्हापुन्हा माझ्यापुढे करत होती. आता सहा आठवडे झाले. या काळात मालतीवर दोन लेख छापून आले, दोन्ही चांगले आहेत. पण जामखेडची मालती त्यांच्यात नाही. ती फक्त मला माहीत आहे आणि ती मी कुणाला देणार नाही, असं इतके दिवस मनात होतं. ती आज द्यायची आहे.

जामखेडच्या मुलींच्या शाळेत आम्ही दोघी एकाच जूनमध्ये लागलो, एकाहत्तर साली. विषय दोघींचा इंग्रजी. मी खर्ड्याची. आमच्या गावातली बी.ए. झालेली पहिली मुलगी, त्यामुळे वडील मला बाजारच्या दिवशी मुद्दाम बरोबर न्यायचे आणि ओळखीचा भेटला की म्हणायचे, "ही आमची इंदू. विंग्रजी बोलती, लई शिकल्याय." मालती संगमनेरकडची. घरी ऊस, गोठ्यात म्हशी, प्रवरेचं बारमाही पाणी. तिच्या बोलण्यात पाण्याचा उल्लेख इतका सहज यायचा की मला ते टोचायचं. गावात एकट्या बाईला खोली द्यायला लोक कां-कू करायचे, म्हणून मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, दोघींना मिळून एक खोली पाहून दिली. पहिल्याच आठवड्यात मी तिला बी.ए.चे मार्क विचारून घेतले. मला सात जास्त होते. त्या रात्री मी छान झोपले, आणि ते सात मार्क मी पुढं दोन वर्षं मनात जपून ठेवले.

राहायला ती अगदी गचाळ होती. स्टोव्ह पुसायची नाही, माझ्या बरणीतलं लोणचं न विचारता संपवायची, ओला टॉवेल माझ्या ट्रंकेवर टाकायची. पण शिकवायला उभी राहिली की तीच बाई वेगळी व्हायची. माझी पद्धत म्हणजे जी सगळ्यांची होती तीच. फळ्यावर रोज दहा शब्द, समोर अर्थ, दुसऱ्या दिवशी तोंडपाठ. मालती महिन्यात दहा शब्द द्यायची की नाही शंकाच. तिचा नियम असा की शब्द तीन वेगवेगळ्या ठिकाणी कामाला लागलेला स्वतः पाहिल्याशिवाय तो पोरींना द्यायचा नाही. डिक्शनरीतला अर्थ तिला पुरायचा नाही. "डिक्शनरीत शब्द निजलेला असतो गं, तो जागा कसा वागतो ते बघायला नको का?" असं काहीतरी बोलून ती माझी दहा शब्दांची यादी एका वाक्यात निकालात काढायची. आणि तालुक्याच्या गावात इंग्रजी शब्द कामाला लागलेले दिसणार कुठं? ती दवाखान्यात जायची, पोस्टात जायची, खताच्या पोत्यावरचं वाचायची. हळूहळू पोरीच तिला शब्द आणून द्यायला लागल्या. मधल्या सुट्टीत आमच्या शिक्षककक्षाच्या दारात उभ्या राहायच्या, "बाई, ह्यो शब्द आमच्या गावच्या इंजनावर लिवलाय, काय हाय त्ये?" माझ्याकडं कुणी शब्द आणला नाही. माझ्या वर्गातल्यासुद्धा तिच्याकडंच जायच्या. माझ्या पोटात दुखायचं ते इथं.

बहात्तरच्या दुष्काळात तिला तो शब्द भेटला. रिगरस. झालं असं की एका मुलीच्या चुलत्याला मारामारीच्या खटल्यात शिक्षा झाली, आणि निकालाच्या कागदावर इंग्रजीत काय लिहिलंय ते विचारायला ती मुलगी मालतीकडं आली. रिगरस इम्प्रिझनमेंट, म्हणजे सक्तमजुरी. आमच्या तालुक्यात हा शब्द तेवढ्यापुरताच जगत होता. तो ज्याला लागला त्यानं दगड फोडायचे. पण मालतीचं एका ठिकाणावर भागायचं नाही. ती पाच पोरींना घेऊन कोर्टात जाऊन बसली. बेलीफ गोंधळून म्हणाला, "बाई, तुमची कंची केस हाय?" ती म्हणाली, "आमची एका शब्दाची आहे, बसू द्या." दिवाळीला गावी गेली तेव्हा दूध सोसायटीच्या भिंतीवर तिला दुसरा दाखला सापडला. दुधाची रिगरस तपासणी केली जाईल, अशी नोटीस होती. तिसरा मिळाला एका मुलीच्या भावाकडून. तो बांगलादेशच्या लढाईत लढलेला, सुट्टीवर आलेला जवान, शाळेत सत्काराला बोलावला होता, आणि भाषणात दोनदा म्हणाला, "आमचं ट्रेनिंग लई रिगरस असतं." मालती खुर्चीतून उठायचीच काय ती राहिली होती.

मग महिनाभर आमच्या खोलीत दुसरा विषय नव्हता. मी भाकरी थापतेय आणि ही मागून बोलतेय. एका ठिकाणी शिक्षा, एका ठिकाणी दूध, एका ठिकाणी कवायत, तर तिन्हींत सारखं काय? एके दिवशी तवा उतरवता उतरवता तिचं तिलाच सुचलं. "सूट नाही, इंदू. कुठंच सूट नाही." आणि पुढं म्हणाली, "पण याचा अर्थ कडक असा नुसता करायचा नाही. आपला शिपाई कडक आहे, तो दुसऱ्याला सूट देत नाही. पण त्याला कुणी रिगरस म्हणणार नाही. हा शब्द कामाला लागतो, आणि माणसाला लावायचा तर जो स्वतःला सूट देत नाही त्याला." मी म्हटलं, "भाकरी करपली." ती करपली नव्हती. मला तिचं बोलणं थांबवायचं होतं, कारण इतकं सुंदर मला कधी सुचलं नव्हतं. शब्दाचं मूळ मात्र तिला सापडत नव्हतं. शाळेच्या डिक्शनरीत मूळ दिलेलं नसायचं. तिनं पुण्याच्या आपल्या कॉलेजच्या सरांना पत्र टाकलं आणि उत्तराची वाट पाहत धडा तसाच ठेवला. पोरींना म्हणाली, "येईल तेव्हा देईन."

जानेवारीत इन्स्पेक्शन लागलं. त्या वेळी इन्स्पेक्शन म्हणजे काय असायचं ते जुन्या लोकांना सांगायला नको. आठवडाभर आधी एकच धडा घोटून घ्यायचा, भिंतींना चुना लावायचा, आणि मुलींना शिकवून ठेवायचं की प्रश्न विचारल्यावर सगळ्यांनी हात वर करायचे. उत्तर येतं तिनं उजवा, येत नाही तिनं डावा. साहेबांना सगळा वर्ग हुशार दिसतो, आणि बाईंना कुणाला उठवायचं ते कळतं. मी हे चोख बसवलं होतं. मालतीनं साफ नकार दिला. "माझ्या पोरी डावा हात वर करायला शिकल्या तर पुढं सगळं डावंच करतील," म्हणाली. त्या वर्षी गोष्ट साधी नव्हती. अकरावी, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक, शिकवणाऱ्या जुन्या बाई मेमध्ये निवृत्त होणार होत्या, आणि अकरावीचं इंग्रजी आम्हा दोघींपैकी एकीला मिळणार होतं. ज्या बाईकडं अकरावी, तिला गाव ओळखतं, निकालाच्या दिवशी पालक पेढे घेऊन तिच्या दारात येतात. मला ते हवं होतं. माझ्या वडिलांना बाजारात सांगायला हवं होतं. आणि इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी मोठ्या बाई क्लार्कला म्हणताना मी ऐकलं, "अकरावी मालतीकडंच द्यावी म्हणते. बघू, साहेब काय म्हणतात ते." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सात मार्क मला जास्त होते...

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला साहेब माझ्या दहावी 'अ'त येऊन मागच्या बाकावर बसले. मी घोटलेला धडा सुरू केला, प्रश्न विचारला, अडतीस हात वर गेले. साहेब दोन मिनिटं पाहत राहिले आणि हसून म्हणाले, "बाई, धडा मुलींना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. तो राहू द्या. एखादा नवा शब्द घ्या आणि शिकवा बघू." मला दुसरा शब्दच आठवेना. फळ्याकडं वळले, खडू उचलला, आणि हातानं जे लिहिलं ते रिगरस. पुढं तोंड आपोआप चालू लागलं. कोर्ट, दूध, जवान. शिक्षा, तपासणी, कवायत. "सूट नाही" हे वाक्य मी तिच्यासारखंच थांबून म्हटलं. शिपायाचं उदाहरणसुद्धा दिलं, मुली हसल्या. चार महिन्यांचं तिचं काम मी वीस मिनिटांत माझं करून टाकलं, आणि खोटं कशाला बोलू, इतकं चांगलं मी त्याआधी कधी शिकवलं नव्हतं. आमच्या आणि पलीकडच्या वर्गाच्या मध्ये लाकडी फळ्यांची भिंत होती. पलीकडं दहावी 'ब'. मालतीचा वर्ग. तिथून एरवी आवाज यायचा, तो बंद झाला होता.

साहेब खूश होते. जाता जाता त्यांनी विचारलं, "आणि बाई, हा शब्द मुळात आला कुठून?" इथं मी म्हणू शकले असते की माहीत नाही. मालतीनं तेच म्हटलं असतं. पण अकरावी हाताच्या अंतरावर दिसत होती. मी म्हणाले, "जहाजावरून." आणि मग सुचत गेलं. शिडाच्या जहाजाला शेकडो दोर असतात, ते कसून बांधण्याच्या कामाला जो शब्द, रिगिंग, त्यावरून हा. एक दोर सैल राहिला तर वादळात जहाज जातं, म्हणून तिथं सूट नाही. विहिरींनी तळ गाठलेल्या त्या वर्षी, ज्या मुलींच्या घरी टँकरच्या पाण्याला नंबर लागत होते, त्यांना मी भर वर्गात समुद्र दाखवला. अडतीस वह्यांत जहाज उतरलं. एकीनं तर समासात चित्र काढलं. साहेब "वा!" म्हणाले आणि शेजारच्या वर्गात गेले. मालतीनं त्यांना पुस्तकातला पुढच्या पानावरचा धडा, एरवी घ्यायची तसा, घेऊन दाखवला. मुली अडखळल्या, चुकल्या. तिच्या नावापुढं साहेबांनी 'ठीक' असा शेरा मारला. माझ्यापुढं 'उत्कृष्ट'.

संध्याकाळी मी खोलीवर भांडायच्या तयारीनं गेले. ती चोरी म्हणेल, मग मी लोणचं काढीन, टॉवेल काढीन, मोठ्या बाई तुझ्याच बाजूच्या म्हणेन, असं सगळं ठरवलं होतं. ती स्टोव्ह पेटवत होती. म्हणाली, "इंदू, जहाजाचं तुला कुठं सापडलं?"

"वाचलं होतं कुठंतरी."

"कुठं?"

 तिनं चहा गाळला, माझा कप माझ्यापुढं ठेवला. "उद्या पोरींना सांग."

"काय सांगू?"

"माहीत नव्हतं म्हणून सांग. अडतीस जणींनी लिहून घेतलंय गं ते."

एवढंच. चोरीबद्दल तिनं त्या दिवशी शब्द काढला नाही, पुढंही कधी नाही. तिला खरंच त्याचं काही वाटलं नव्हतं. शब्द काय तिच्या बापाचा होता, असंच ती म्हणाली असती. मला त्याचाच राग आला. मी तिला लुटलं होतं आणि तिला आपण लुटलं गेलो असं वाटतच नव्हतं. त्या चहाच्या कपाइतका मी आयुष्यात कशाचाच द्वेष केलेला नाही.

पंधरा दिवसांनी पुण्याहून पत्र आलं. तिनं ते वाचून माझ्या ट्रंकेवर ठेवलं, मी वाचावं म्हणून. जुन्या लॅटिन भाषेत ताठरणं, आखडणं, अशा अर्थाचा शब्द आहे, त्यातून हा आला, असं सरांनी लिहिलं होतं. थंडीनं अंग ताठतं तो ताठरपणा. जहाजाचा काही संबंध नाही. आणि खाली डॉक्टर लोकांचा एक दाखला दिला होता, की माणूस गेल्यावर काही तासांनी शरीर जे कडक होतं त्यालाही त्यावरूनच रिगर मॉर्टिस म्हणतात. मालती दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्याच्या दुष्काळी कामावर गेली. तिथं खडी फोडणाऱ्या बायका होत्या, आमच्या शाळेतल्या काहीजणींच्या आया. थंडीत पहिला तासभर हातोडी धरवत नाही हे तिला त्यांच्याकडूनच ऐकायचं होतं. एकजण म्हणाली, "बोटं अशी ताटत्यात बाई, की उघडत न्हाईत अन् मिटत न्हाईत." ते वाक्य तिनं जसंच्या तसं आपल्या वर्गाला सांगितलं. फळ्यांच्या भिंतीतून मी ते ऐकलं. सहा आठवड्यांपूर्वी संगमनेरला पोहोचले तेव्हा दुपार झाली होती. मी मालतीचा हात हातात घेतला, तो उघडत नव्हता आणि मिटत नव्हता. मला ती खडी फोडणारी बाई आठवली, सरांचं पत्र आठवलं, आणि अशा वेळी आपल्याला हे आठवतं याची शरम वाटली. मालतीला नसती वाटली.

जूनमध्ये अकरावी मला मिळाली. मालती मेमध्येच लग्न होऊन संगमनेरला गेली होती, तिथल्या शाळेत लागली. म्हणजे अकरावी मला तशीही मिळालीच असती. हे कळायला मला एक उन्हाळा थांबावं लागलं असतं, एवढंच. त्याच अडतीस मुली वर्षभर माझ्यासमोर बसल्या. रोज वाटायचं आज सांगावं, रोज काहीतरी निघायचं. दर दिवाळीला मालतीचं पोस्टकार्ड यायचं, घरचं सगळं लिहून झालं की शेवटी एक ओळ, "पोरींना सांगितलंस का?" मुली पास होऊन गेल्या, सासरी गेल्या, ऊसतोडीला गेल्या, एक नर्स झाली. ओळ येतच राहिली. पाच वर्षं. मला त्या ओळीची इतकी चीड यायची की मी कार्ड खालून वाचायला सुरुवात करायचे. शेवटी एका संक्रांतीनंतर मी तिला लिहून टाकलं. सांगितलं. हळदीकुंकवाला जुन्या पोरी आल्या होत्या, वाण द्यायच्या आधी सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं की जहाजाचं मी मनानं रचलं होतं, खरं मूळ असं असं आहे. पोरी हसल्या, एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. तपशील मी छान भरले होते. त्या हुशारीत मी तिच्या पुढंच होते. हळदीकुंकू झालंच नव्हतं. उलट टपाली कार्ड आलं, त्यावर दोनच शब्द, "शाबास, इंदू." मालतीनं मला आयुष्यात कधी शाबास म्हटलं नव्हतं. मी ते कार्ड दोन दिवस पर्समध्ये घेऊन हिंडले. आणि खरंच सांगते, मला आनंद झाला होता.

त्यानंतर आमची मैत्री जी झाली ती लोकांनी पाहिलीच आहे. तिच्या मुलीच्या लग्नात मी आठ दिवस होते, माझ्या ऑपरेशनला ती महिनाभर राहिली. शिक्षिका म्हणून ती राज्यभर गाजली, माझा हेवा काही गेला नाही, पण त्याला आता वयाचा मऊपणा आला असावा असं मी धरून चालले होते.

तेराव्याला संगमनेरच्या घरी गर्दी होती. मी ओसरीच्या कोपऱ्यात बसले होते. पन्नाशीतली एक बाई जवळ आली, मालतीची जुनी विद्यार्थिनी, आता स्वतः शिक्षिका. "तुम्हीच का जामखेडच्या इंदूबाई?" मी मान हलवली. ती एकदम वाकून पाया पडली. "तुम्हाला बघायची लई इच्छा होती. आमच्या बाई दर वर्षी दहावीला रिगरस शब्द शिकवायच्या. तीन दाखले द्यायच्या. एक कोर्टाचा, एक दुधाचा, अन् तिसरा तुमचा."  ती सांगत राहिली. माझी मैत्रीण इंदू, पाच वर्षांनी, लग्न झालेल्या पोरींना बोलावून, हळदीकुंकवात, वाण द्यायच्या आधी... डोळ्यांत पाणी आलेली मुलगीसुद्धा त्यात होती. "मीबी आता माझ्या वर्गात तुमचाच दाखला देते बाई," ती म्हणाली. मी म्हणाले, "देत जा." तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो नमस्कार घेतला.

जवानाला काढून तिनं तिथं मला बसवलं होतं, आणि तीस वर्षं बसवलं. जी बाई खताच्या पोत्यावरचा शब्द पोत्यापर्यंत जाऊन वाचायची, तिला हळदीकुंकू खरंच झालं का एवढं विचारायला जामखेडची कुठलीही पोर पुरली असती. माझ्या घरी, खर्ड्याला, येताना ती जामखेडवरूनच यायची. तिनं कधीच कुणाला विचारलं नाही. आयुष्यात एकाच ठिकाणी तिनं सूट दिली, ती मला.

म्हणून हे लिहिते आहे. जामखेडच्या तेव्हाच्या दहावी 'अ'च्या मुलींनो, आज आज्या झाल्या असाल. जहाज खोटं होतं, मी रचलं होतं. माहीत नव्हतं. आणि संगमनेरच्या मालतीबाईंच्या मुलींनो, पहिले दोन दाखले पक्के आहेत, तिनं स्वतः पाहिलेत. तिसरा खोडा. तशी कुणी इंदू नव्हती. उभं आयुष्य मी मालतीवर जळले. तेराव्यापासून मात्र मालतीचं मला काही वाटेनासं झालंय. आता मी त्या दुसरीवर जळते, जिनं वाण द्यायच्या आधी पोरींना खाली बसवलं.